तलावाच्या चावीचा सराटा

ज्या कुणी आमच्या तलावाच्या गेटाची चावी धानाच्या खोलीत, दारामागे, मोडक्या वखराच्या शेजारी उभी करून ठेवली आणि ती चावी आहे असं तिच्यावर साध्या खडूनेही लिहून ठेवलं नाही, त्याच्यावर माझा आरोप आहे. नाव घेत नाही. घरातलंच माणूस आहे, वयाने मोठं आहे, आणि हल्ली माझ्याशी बोलताना मध्येच हसू लागतं. पण चूक ती चूक.

तुम्ही चहा घ्या. मी पहिल्यापासून सांगतो, म्हणजे निदान अर्धा दोष योग्य माणसाच्या पदरात पडेल. उरलेला अर्धा माझा आहे आणि तो जरा जड आहे. किती जड, ते कळेलच.

आता चावी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कपाटाची चावी आली असेल. इथेच सगळी फसगत आहे. आमची चावी माझ्या छातीइतकी उंच होती. अंगठ्याहून जाड सळई, वर धरायला आडवा दांडा, आणि खालच्या टोकाला लोखंडाचा ठोकळा, त्यात चौकोनी भोक. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गेटाचा स्क्रू आहे, त्याचं डोकं चौकोनी. चावी त्यावर बसवायची, दोघांनी दांडा धरून फिरवायचा, की खाली झडप उचलली जाते आणि पाटाला पाणी सुटतं.

हे सगळं मला आज माहीत आहे. सप्टेंबरात माहीत नव्हतं.

लाज याची वाटते की हा तलाव आमच्याच पूर्वजांनी खणलाय. पाणी वाटायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात आहे. चावी आमच्याकडे असते, कारण ज्याच्याकडे चावी तो रात्रीतून आपली बांधी, म्हणजे धानाचं शेत, भरून घेऊ शकतो, आणि आमच्या घरचं माणूस तसं करणार नाही, हा गावाचा विश्वास. कॉलेजात मी याच विषयावर भाषण करून बक्षीस घेतलं होतं. त्या भाषणात पार होती, पाट होता, पूर्वजांची दूरदृष्टी तर तीन वेळा होती. चावी नव्हती.

तर डिग्री घेऊन मी जूनमध्ये नागपूरहून गावी आलो. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या पलीकडे. बाबा देवरीला नोकरीला, शनिवारी येतात. घरी आई, मी आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मोठे बाबा गावाचे पाणकर. कुणाच्या बांधीला पाणी कधी आणि किती, ते सांगतात आणि गाव ऐकतं.

मी मात्र ठरवूनच आलो होतो की गावातलं मरत चाललेलं काहीतरी वाचवायचं. काय वाचवायचं, ते तेवढं ठरलं नव्हतं. ते आईच्या स्वयंपाकघरात ठरलं. तिच्या नॉनस्टिक तव्याचे काळे पोपडे निघत होते.

"आई, हे आपल्या पोटात जातंय."

"मंग? सकाळपासून चार धिरडे तूच खाल्लास."

"गावात लोहार असताना आपण गोंदियाच्या दुकानातून विष विकत आणतो."

"विकत नाही आनला. तो तवा तुया मामानं देला."

यानंतर मामा आपल्याला विष देतो असं मी म्हणालो की नाही म्हणालो, यावर जे भांडण झालं ते इथे सांगत नाही. ते वेगळं आहे आणि अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी मनिरामकाकांच्या भट्टीवर. जिल्हा परिषदेच्या शाळेमागे, मोहाच्या झाडाखाली त्यांची भट्टी. पूर्वी नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, सगळं तिथेच व्हायचं. आता कापणीच्या आधी विळ्यांना धार लावायला लोक येतात, बाकी वर्षभर काका मोहाखाली बसतात.

"मनिरामकाका, मला शिकवा. आपण स्वयंपाकाची भांडी घडवू. पळ्या, सराटे, चिमटे, तवे. सगळं हातानं."

"कोन घेईन?"

"शहरातले लोक घेतील."

"पुसलास का त्यांले?"

"काका, लोकांना काय हवंय ते लोकांना कळत नसतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भट्टीकडे पाहिलं. "लोखंड आन," म्हणाले.

नवं लोखंड विकत आणणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. जुन्याला नवा जन्म द्यायचा, हा तर सगळा विचार. म्हणून मी घर धुंडाळलं आणि धानाच्या खोलीत, दारामागे, मोडक्या वखराशेजारी मला ते दिसलं. गंजलेलं, धुळीने भरलेलं, कोळ्यांनी जाळं विणलेलं. एखाद्या जुन्या ट्रॅक्टरचा भाग असेल, असं मी मनाशी म्हणालो. कुणाला विचारलं नाही. आई रोवणीनंतरच्या निंदणाला शेतात गेली होती, मोठे बाबा पाट साफ करायला गेले होते. म्हणजे बघा, ज्या क्षणी मोठे बाबा पाटातला गाळ काढत होते, त्याच क्षणी मी त्या पाटाची चावी खांद्यावर टाकून लोहाराकडे निघालो होतो.

मनिरामकाकांनी सळई हातात घेतली, उलटीपालटी केली. ठोकळ्याच्या भोकात बोट घातलं.

"हे कोठून आनलास गा?"

"आमच्या घरातलंच आहे."

"मोठ्या बाबाले पुसलास?"

"काका, गंजत पडलेल्या वस्तूचं कोण विचारतं? तिचा पुनर्जन्म होतोय."

काकांनी छिन्नी उचलली. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला नंतर, सगळं झाल्यावर सांगितलं. त्यांना वाटलं, सरकारकडून नवी चावी आली असेल म्हणून जुनी मोडीत काढली. "पानकराच्या घरचा पोरगा पानकराची चावी तोडाले आनन, हे माया डोस्क्यात कायले येईन?" हे त्यांचं म्हणणं.

छिन्नी लावून आम्ही तिचे चार तुकडे केले. घण मीच मारला. फार समाधान वाटलं.

पुढचे दहा-बारा दिवस मी लोहार होतो. लोखंड लाल झालं की मारायचं, असं मला वाटायचं. लाल म्हणजे अजून कच्चं. ते पिकल्या पपईसारखं दिसायला लागलं की ऐरणीवर घ्यायचं. काका म्हणायचे, "थांब." मी मारायचो. काका म्हणायचे, "आता मार." तोवर मी घाम पुसत असायचो. माझी पहिली पळी पिंपळाच्या पानासारखी सपाट झाली; तिच्यात वरण घेतलं की ते दोन्ही बाजूंनी उतरून पातेल्यात परत जायचं. दुसरी जमली. आडव्या दांड्याचा चिमटा झाला, तोही बरा झाला.

राहिला शेवटचा तुकडा, ठोकळ्याचा. त्याचं मी सराटा करायचं ठरवलं. सराटा म्हणजे तुम्ही ज्याला उलथणं म्हणता ते. एक टोक ठोकून पसरट पातं केलं. मधला भाग ठोकून चौरस केला, तापवून त्याला पीळ दिला, दोरासारखा. आणि दुसऱ्या टोकाला तो ठोकळा, चौकोनी भोकासकट.

"हे गट्टू तोडून टाकू," काका म्हणाले. "लय जड होईन. बाईमानसाचा हात दुखन."

"नाही काका. हे त्या लोखंडाचं मूळ रूप आहे. ते राहायला पाहिजे."

"कायले?"

"प्रामाणिकपणासाठी."

काकांनी छिन्नी खाली ठेवली. माझ्याशी वाद घालण्यात काही अर्थ नाही, हे गावात सगळ्यांत आधी त्यांना कळलं.

गरम सराट्याला जवसाचं तेल पाजलं, तो काळाभोर, तुकतुकीत झाला. मी घरी नेऊन आईपुढे ठेवला. आईने एका हाताने उचलला, मग दुसरा हात लावला.

"हे सराटा होय का मुसळ?"

"सवय होईल."

"सवय होयपर्यंत मनगट राहिलं पायजे ना बाबू."

दोन्ही पळ्या आणि चिमटा तिने ठेवून घेतले. संध्याकाळी जेवताना मोठ्या बाबांनी त्यातल्या जमलेल्या पळीने वरण वाढून घेतलं, पळी हातात तोलली, नखाने टिचकी मारून कानाशी नेली.

"लोखंड चांगलं आहे," म्हणाले. "आता असं भेटत नाही. कोठून आनलास?"

"आपल्याच घरातलं, मोठे बाबा."

"हं." त्यांनी समाधानाने मान हलवली. "आपल्या घरची चीज चांगलीच रायते."

आणि त्यांनी तलावाच्या चावीने दुसऱ्यांदा वरण घेतलं. आता सांगा, यात माझा एकट्याचा दोष आहे का?

सराटा कुणी घेईना. शेवटी तो शेवंतामायला दिला. शेवंतामाय शाळेत पोरांची खिचडी रांधते. मोठं गंज, म्हणजे पातेलं, मोठी चूल, दंडही तसेच. तिने सराटा डोळ्यांपुढे धरून चौकोनी भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"हे भोक कायले ठेवलास?"

"ते मूळ रूप आहे."

"असू दे. माकडं आली तं फेकून माराले बेस आहे."

असा माझा प्रकल्प गावात रुजला. मी फोटो काढले, चार ओळी लिहिल्या, मित्रांनी वाहवा केली. एकाने विचारलंही, हे लोखंड कुठलं? मी लिहिलं, 'विस्मृतीत गेलेलं.'

मग ऑक्टोबर आला आणि पाऊस गेला. पंधरा दिवस थेंब नाही. धान निसवण्यावर आलं होतं. याच वेळी पाणी कमी पडलं तर लोंबी बाहेर येते पण दाणा भरत नाही, हातात नुसता कोंडा. पाटाच्या शेवटी ज्यांच्या बांध्या आहेत त्यांना तर भेगा दिसायला लागल्या होत्या. रविवारी चावडीवर बैठक झाली. मोठ्या बाबांनी सांगितलं, "उद्या सकाळी आठ वाजता गेट खोलू. पयले खालच्या बांध्यांले, मंग वरच्यांले." कुणी हूं की चूं केलं नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मोठे बाबा धानाच्या खोलीतून बाहेर आले. रिकाम्या हाताने.

"वहिनी, चावी हालवली का कोनी?" त्यांनी आईला विचारलं. आमच्याकडे मोठे बाबा आईला वहिनीच म्हणतात, का ते मला विचारू नका.

"मी कायले हालवीन? मी तं त्या खोलीत पायबी नाही टाकला."

आणि मग, मित्रांनो, शोधायला सगळ्यांत पुढे मी होतो.

मी कपाटं उघडली, डबे उघडले, देवघरामागची पितळी पेटी उघडली. सहा चाव्या सापडल्या. मी एकेक आणून मोठ्या बाबांना दाखवत होतो. "ही?" ते नाही म्हणायचे. "ही तरी?" ते माझ्याकडे जरा विचित्र पाहायचे आणि पुन्हा आपल्या शोधात लागायचे. घरात वस्तू जागच्या जागी कशा ठेवल्या पाहिजेत, यावर मी आईला दोन वाक्यंही ऐकवली. एवढी महत्त्वाची वस्तू कुलपात कशी नाही, हेही म्हणालो.

साडेसात झाले. मला थांबवेना. मी फोन काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं: 'तलावाची चावी आमच्या घरातून चोरीला गेली आहे. ज्याने नेली त्याने गावाच्या हितासाठी निमूटपणे परत करावी.'

निमूटपणे हा शब्द मला विशेष आवडला होता.

आठ वाजेपर्यंत आमच्या अंगणात तीस माणसं होती. अर्धी वरच्या बांध्यांची, अर्धी खालच्या. खालचे म्हणत होते, वरच्यांनीच नेली, आपली बांधी आधी भरायची म्हणून. वरचे म्हणत होते, आम्हाला वाईट दिसावं म्हणून खालच्यांनीच लपवली.

"तुमची बांधी परवा रात्री ओली कशी होती?"

"ओली नोहे, बैल मुतला असन."

"चार गुंठे मुतला का?"

यापुढे बैलावरून बापावर गेले. ज्या दोघांचं बोलणं सगळ्यांत वर चढलं होतं, ते एकमेकांचे साडू. त्यातला एकजण मग मोठ्या बाबांकडे वळला. "चावी तुमच्या घरून गेली, पानकर. आता तुमीच सांगा, कोनं नेली. का तुमीच देली कोनाले?"



मोठे बाबा ओट्यावर बसले होते. मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. त्यांच्या बापाने त्यांना ती चावी दिली होती. आजवर कुणी त्यांना पाण्यावरून बोल लावला नव्हता.

"चावी भेटली नाही," ते हळूच म्हणाले, "तं मी हे काम सोडतो. दुसरा पानकर पाहा."

माझं रक्त तापलं. मी पुढे झालो. "कुणी काम सोडणार नाही. आपण पोलिसांत तक्रार देऊ. मोठे बाबा, मला वर्णन सांगा, मी लिहून घेतो. चावी दिसायला कशी होती?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पाणकराच्या घरच्या माणसाने हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

मोठे बाबा उठले. एक हात छातीशी नेला. "एवढी उंच." दोन्ही मुठी आडव्या धरल्या. "वरतं आडवा दांडा." मग खाली वाकले. "बुडाले गट्टू. त्याच्यात चौकोनी भोक."

मी वहीत 'एवढी उंच' लिहिलं होतं. 'आडवा दांडा' लिहिला होता. 'चौकोनी' मधला 'चौ' लिहिला आणि पेन थांबलं.

माझ्या डोळ्यांपुढे पळी आली. चिमटा आला. वरण आलं.

"काऊन गा, थांबलास काऊन?" कुणीतरी विचारलं.

खोटं बोलायची इच्छा झाली नाही असं नाही. पण साडू पुन्हा बाह्या सारत होते आणि मोठे बाबा तसेच वाकून उभे होते, हाताने चौकोन दाखवत. मी स्वयंपाकघरात गेलो, दोन पळ्या आणि चिमटा आणून ओट्यावर मांडला.

"हे काय होय?"

"चावी," मी म्हणालो.

बाकीच्यांना समजायला वेळ लागला. आईला नाही लागला. तिने पदर तोंडाला लावला. मोठ्या बाबांनी ती वरणाची पळी उचलली, टिचकी मारली, कानाशी नेली. आवाज त्यांनी ओळखला. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे मी वरन..." एवढंच म्हणून ते थांबले.

"हो," मी म्हणालो. "दोनदा."

आता घाई होती. मी मनिरामकाकांना बोलावलं. ते म्हणाले, नवी बनेल, पण भोक बरोबर मापाचं पाडायला दोन दिवस. मी कुडव्याच्या एका वेल्डिंगवाल्याला फोन लावला.

"बन जाएगी भैया. नाप क्या है?"

"नाप चाबी में था."

"तो चाबी ले आओ."

"चाबी का चिमटा बन गया."

तो म्हणाला, "भैया, सुबह सुबह?" आणि फोन ठेवला.

तोवर लोक पारीवर गेले होते. एकाने ट्रॅक्टरचा मोठा पाना आणला आणि गेटाच्या डोक्याला लावला. पाना घसरला, चौकोनाचा एक कोपरा चकाकला. मोठे बाबा धावत गेले.

"काढ तो! डोकं गोल झालं तं नवी चावीबी नाही धरनार. मंग वर्सभर पाहत बसा तलावाकडे."

पाना निघाला. तलाव काठोकाठ भरलेला, खाली बांध्यांना भेगा, आणि मधे एक चौकोनी डोकं. मोठे बाबा तिथेच मातीत बसले. मग त्यांनी अचानक मान वर केली.

"दोन पळ्या, एक चिमटा. चौथा तुकडा कोठी आहे? गट्टूचा?"

"सराटा केला."

"गट्टू तोडलास?"

"नाही," मी म्हणालो. "मनिरामकाका तोडत होते. मी तोडू दिला नाही."

"काऊन?"

यावेळी प्रामाणिकपणासाठी, असं म्हणवलं नाही. "छान दिसत होता म्हणून."

"आता कोठी आहे?"

मी शाळेच्या दिशेला बोट दाखवलं. तिथून धूर निघत होता.

तीस माणसं शाळेच्या मागच्या दाराशी पोचली तेव्हा शेवंतामाय दोन्ही हातांनी खिचडी घोटत होती. सराटा गंजात, ठोकळा तिच्या मुठीत.

"शेवंतामाय, सराटा पाहिजे."

"कायले?"

"तो तलावाची चावी आहे."

तिने मला नीट पाहिलं. घोटणं थांबवलं नाही. "पानी सोडता तं सोडा. मले खिचडी शिजवू द्या. बुडाले लागली तं पोरं खात नाही, आन् मास्तर मले बोलते."

"माय, धान जाऊन राहिला," खालच्या बांध्यांचा एकजण काकुळतीला आला.

"माही बी बांधी खालीच आहे, मले सांगू नको." तरी तिने गंज चुलीवरून उतरवायला दोघांना लावलं, सराटा काढला, लुगड्याच्या पदराला न पुसता तसाच मोठ्या बाबांच्या हातात दिला. "मी येते संगं. वस्तू माही आहे."

पारीवर मोठ्या बाबांनी सराटा उलटा धरला आणि ठोकळा गेटाच्या डोक्यावर टेकवला. तो खटकन बसला. पातं आकाशाकडे, पात्याला खिचडीची शितं. पण एवढ्याशा सराट्याने झडप कशी उचलणार? मनिरामकाकांनी तोच ट्रॅक्टरचा पाना घेतला आणि सराट्याच्या पीळ दिलेल्या भागाला अडकवला. दोघा साडवांनी पाना धरला, एक वरच्या बांध्यांचा, एक खालच्या. त्यांनी ताकद लावली. पिळावर पाना घसरला नाही.

"पीळ मीच दिला होता," मी म्हणालो.

मोठ्या बाबांनी नुसतं पाहिलं. मी दोन पावलं मागे सरलो.

पहिला फेरा फार कष्टाने झाला. दुसऱ्याला करकर आवाज आला. तिसऱ्याला पारीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं आणि पाटात पाणी आलं, आधी गढूळ, मग पारव्या रंगाचं. ते खालच्या बांध्यांकडे धावत निघालं आणि त्याच्यामागे काही माणसंही धावत निघाली. साडू पाना धरून तसेच उभे होते, दोघांच्या कपाळावर खिचडी.

मोठे बाबा माझ्याजवळ आले. मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. वर पाहिलं तर ते हसत होते.

"दोनदा घेतलं वरन," ते म्हणाले. "आन् मीच म्हनलो, लोखंड चांगलं आहे."

सगळं निवलं असं वाटून मी सराटा गेटावरून काढला, पाटाच्या पाण्यात धुतला आणि तो नीट घरी नेऊन कुलपात ठेवावा म्हणून काखेत घेतला. दोन दिवसांनी गेट बंदही करायचं होतं. तेवढ्यात मागून शेवंतामायने येऊन तो ओढून घेतला.

"हा माया घरी राहीन," ती म्हणाली. "गेट बंद करासाठी पायजे असन तं अकराच्या आत या, अकरा वाजता खिचडी रायते. आन् मोठ्या बाबाले पाठवजो, तू नोको येजो. तुया हाती देला तं तू त्याचा झारा करशीन."